पॅनल, प्रोजेक्टर की साधा टीव्ही? आणि शिक्षकांचं ट्रेनिंग ऑनलाइन की समोरासमोर?

नाशिक जिल्ह्यातल्या शाळांकडून हा प्रश्न सारखा येतो, देणगी मिळतेय, डिजिटल वर्ग करायचाय, काय घेऊ? सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) असेल तर घाईही असते, कारण मार्चच्या आत बिल लागतं, मग समोर जो डीलर उभा असतो तो सांगेल ते घेतलं जातं. म्हणून तिन्ही पर्याय एकमेकांशेजारी ठेवतेय, आणि सोबत ट्रेनिंगचाही विषय घेतेय. माझ्या मते मोठा निर्णय तोच आहे, खरेदीच्या बैठकीत त्याचं नावही निघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे हात लावून चालवता येणारा मोठा स्क्रीन. ७५ इंची चांगला पॅनल म्हणजे लाख-सव्वा लाख धरून चाला, ब्रँडप्रमाणे पुढे वाढतं. उजेडात स्वच्छ दिसतो, त्यावर हाताने लिहिता येतं, लिहिलेलं सेव्ह होतं, आकृती ओढून फिरवता येते, भूमिती शिकवणाऱ्याला तर खरंच आनंद होतो. अडचण अशी की तो एका भिंतीवर बसला की त्याच वर्गाचा झाला, बाकीच्या वर्गांना तिथे आणावं लागतं, आणि बिघडला तर तालुक्याच्या गावात दुरुस्ती होत नाही, नाशिकहून माणूस यावा लागतो.

प्रोजेक्टर स्वस्त, ३० ते ५० हजारांत ३००० ल्यूमेन्सच्या (हे उजेडाचं माप) पुढचा मिळतो, चित्र सगळ्यात मोठं, आणि एका वर्गातून दुसऱ्यात उचलून नेता येतो. पण अंधार लागतो. आपल्या शाळांच्या खिडक्यांना पडदे नसतात, दार लावलं की उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गात मुलं घामाघूम होतात, आणि अंधार केला की वही लिहिणं बंद, म्हणजे मुलं नुसती बघत बसतात. दिवेवाल्या मॉडेलचा दिवा ठराविक तासांनी संपतो, नवा काही हजारांना पडतो, ते बजेट कोणी ठेवलेलं नसतं. हॉल असेल, पालकसभा किंवा केंद्राचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे, कार्यक्रम होत असतील तर प्रोजेक्टर घ्या, रोजच्या तासासाठी मी सुचवत नाही.

तिसरा पर्याय साधा स्मार्ट टीव्ही आणि शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल किंवा जुना लॅपटॉप. ४३ इंची २५ हजारांच्या आसपास, ५५ इंची ४० च्या आसपास. हात लावून लिहिता येत नाही, पण फळा शेजारीच आहे ना, खडूने लिहा. टीव्ही दुरुस्त करणारा दिंडोरीतही मिळतो आणि येवल्यातही.

आकार ठरवताना एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो, स्क्रीनची जेवढी उंची त्याच्या साधारण सहापट अंतरापर्यंत मजकूर नीट वाचता येतो. टीव्हीचे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, उंची त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे ४३ इंचीला साडेदहा फूट, ५५ ला साडेतेरा, ७५ ला अठरा. आता आपला वर्ग पट्टीने मोजा. वीस-पंचवीस मुलं पुढे सतरंजीवर बसत असतील तर ५५ पुरतो, साठ मुलांचा बाकांचा वर्ग असेल तर टीव्हीचा विचार सोडा, मागच्या मुलाला काही दिसणार नाही. डेमोला डीलर रंगीत फुलपाखरं आणि समुद्राचे व्हिडिओ लावतो, त्याऐवजी बालभारतीच्या पुस्तकाचं पान लावायला सांगा (पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत) आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन वाचा.

दुसरा हिशेब विजेचा. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूला पावसाळ्यात लाइट किती वेळ असते हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करणं धरलं तर हातात हजार-बाराशे. पॅनल २५० ते ३०० वॅट घेतो, म्हणजे चारेक तास. ५५ इंची टीव्ही १२० च्या आसपास, म्हणजे अख्खा शाळेचा दिवस निघतो. शिवाय दरमहा बिल कोण भरणार हे ग्रामपंचायतीशी आधीच बोलून घ्या, थकबाकीमुळे मीटर कापल्यावर चांगली उपकरणं धूळ खात पडलेल्या शाळा आपल्या राज्यात कमी नाहीत.

तर माझं मत सरळ आहे. शहरातली किंवा निफाड-सिन्नरसारख्या ठिकाणची मोठी माध्यमिक शाळा, वीज बरी, गणित-विज्ञानाचे दोन-तीन शिक्षक तयारी करणारे, तिथे पॅनल घ्या, पण एकच घ्या आणि वर्षभर वापरून मग दुसऱ्याचं बघा. वाडीवस्तीवरची दोनशिक्षकी शाळा असेल तर टीव्ही, इन्व्हर्टर, पेनड्राइव्ह, आणि उरलेले पैसे ट्रेनिंगला. प्रत्येक मुलाला टॅब हा चौथा पर्याय लोक विचारतात, पंचवीस टॅब चार्ज करणं, अपडेट करणं, फुटलेले काच बदलणं हे काम करायला वेगळा माणूस असेल तरच त्यात पडा.

नेटची काळजी वाटते तेवढी करू नका. दीक्षा हे सरकारचं शैक्षणिक ॲप सप्टेंबर २०१७ पासून आहे, त्यातला आशय नेट असलेल्या ठिकाणी डाउनलोड करून नंतर नेटशिवाय चालतो, पुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं श्रेय सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना दिलं जातं, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, म्हणजे ही कल्पना आपल्यासारख्याच गावातल्या शाळेतून वर गेलेली आहे याचा अभिमान वाटतो. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग) आहेत, मराठीतही आहेत, एकेक फाइल उतरवून ठेवता येते.

कुठे काय वापरायचं याचा माझा नियम असा की हाताने दाखवता येतं ते हातानेच दाखवायचं. नववीचं धाराविद्युत घ्या, सेल, वायर आणि बल्ब मुलांच्या हातात द्या, बल्ब पेटू द्या, मग सिम्युलेशन लावा, कारण तारेतले इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत आणि तिथेच स्क्रीनचं खरं काम आहे. तसंच भूगोलात, ब्रह्मगिरीपासून निघालेली गोदावरी गंगापूर धरण, रामकुंड करत नांदूरमधमेश्वरला कशी जाते हे गूगल अर्थवर वरून दाखवलं की नदीखोरं हा शब्द मुलांना पाठ करावा लागत नाही. आणि सुरगाण्याकडे ज्या मुलांची घरची भाषा कोकणी (कोकणा आदिवासींची बोली, गोव्याची कोकणी नव्हे) आहे त्यांना व्हिडिओतली भरभर प्रमाण मराठी निसटून जाते, तिथे आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः सांगावं, चित्र व्हिडिओचं आणि बोल आपले, हे फार चांगलं चालतं.

आता ट्रेनिंग. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, प्रश्न हे तास कसे भरायचे.

ऑनलाइनचा फायदा मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. निष्ठा हे शिक्षकांचं देशपातळीवरचं सरकारी प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं आणि कोरोनात ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर आलं, तेव्हा पेठमधल्या शिक्षकाला आणि नाशिक शहरातल्या कॉलेज रोडच्या शिक्षकाला पहिल्यांदा तोच आशय, तोही घरबसल्या मिळाला. समोरासमोरच्या प्रशिक्षणात राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र असं खाली येताना मूळ गोष्ट पातळ होते, आणि दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसरा पहिली ते चौथी एकटा सांभाळतो, म्हणजे त्या दिवशीची किंमत मुलं मोजतात. हे सगळं खरं आहे. पण ऑनलाइनमध्ये तुमचा पाठ कोणी बघत नाही. व्हिडिओ पाहिला, प्रश्न सोडवले, सर्टिफिकेट आलं, आणि सोमवारी वर्गात शिकवणं जसं होतं तसंच.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये टीपॅक नावाची मांडणी केली, बीएडला अनेकांनी परीक्षेपुरती वाचली असेल. विषय येणं, शिकवता येणं आणि तंत्र येणं ही तीन ज्ञानं वेगवेगळी असून भागत नाही, ती एकत्र आली पाहिजेत एवढंच ते सांगतात. एकटं तंत्र ऑनलाइन छान शिकता येतं, बटणं, ॲप, फाइल कशी उतरवायची, त्यासाठी कोणाला नाशिकला बोलवून दिवस घालवू नका. पण अपूर्णांक शिकवताना ते तंत्र कुठे आणायचं आणि कुठे बाजूला ठेवायचं हे दुसऱ्या शिक्षकाने तुमचा पाठ पाहिल्याशिवाय कळत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकात आहे, दूरशिक्षण हेच त्यांचं काम, तरी त्यांच्या सेवेतल्या शिक्षकांच्या बीएडला संपर्क सत्रं आहेतच, यातून काय ते समजून घ्या.

म्हणून माझी निवड मिश्र आहे, पण अर्धं-अर्धं नाही. तंत्राचा भाग ऑनलाइन, रात्री घरी. आणि केंद्रात दर महिन्याला होणारी शिक्षण परिषद आहे तिथे परिपत्रकं वाचण्यातला वेळ कमी करून पाठ बघायचे. बीएडचं सूक्ष्मअध्यापन आठवतंय ना, काही मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, त्यावर ऐकून घ्यायचं आणि सुधारून पुन्हा घ्यायचा? १९६३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेलं, आपल्याकडे त्याचं चक्र ३६ मिनिटांचं, ६ अध्यापन, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनराध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. छात्राध्यापक, म्हणजे बीएडचे विद्यार्थी, असताना सराव पाठांचं निरीक्षण वहीवर चालायचं आणि निरीक्षक म्हणतील ते मान्य करावं लागायचं. आता खिशात कॅमेरा आहे. स्वतःचा पाठ बघितला की मी प्रश्न विचारून मुलाला किती सेकंद देते हे कोणी सांगायची गरज राहत नाही.

करायचं कसं ते सांगते. मोबाइल मागच्या बाकावर पुस्तकांना टेकवून ठेवायचा, तोंड फळ्याकडे, म्हणजे शिक्षक आणि स्क्रीन दिसते, मुलांचे चेहरे येत नाहीत.  सहा ते आठ मिनिटंच, पूर्ण तास कोणी बघत नाही. फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकायची नाही, ज्याचा पाठ त्याच्याच फोनमध्ये राहील, परिषदेत लावायची आणि तो म्हणेल तर पुसायची. केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवा की यावर कुठलाही शेरा, श्रेणी, अहवाल नाही. एकदा का अहवाल आला की पुढच्या महिन्यात सगळे तयार करून आणलेले नमुना पाठच दाखवतात. पहिला पाठ केंद्रातल्या सर्वात अनुभवी बाईंचा किंवा सरांचा लावायचा, नव्या शिक्षकाचा नाही.