भाड्याचं ऑक्सिजन मशीन: मशीन चांगलं, दुकान जेमतेम पास

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दुकानातून बाबांसाठी मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं आणलंय. महिन्याला साडेचार हजार, डिपॉझिट वेगळं. बाबांनी चाळीस वर्षं बिडी ओढली, आता सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. तोंडानं ओढायचे औषधाचे पंप सुरूच आहेत, पण बसल्या जागीही रक्तातला ऑक्सिजन कमी दाखवायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला किमान 15 तास मशीन लावायला सांगितलं.

दुकानाला पास केलं ते मशीन बसवायला आलेल्या पोरामुळे. डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय त्यानं प्लग लावला नाही. मग विचारलं, "काका, बिडी-माचिस घरात आहे का?" बाबा म्हणाले, "मशीन बंद करून एखादी ओढली तर काय होते रे बाप्पा?" पोरानं समजावलं की ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला भडकवतो, मशीन बंद केल्यावरही तो कपड्यांत, पांघरुणात काही वेळ राहतो, आणि नाकातली नळी पेटली तर चेहरा भाजतो. बाबांनी बंडल त्याच्याच हातात दिलं. आम्ही इतकी वर्षं कानीकपाळी ओरडलो, त्याचा काही उपयोग झाला नव्हता!

मशीन खोलीतलीच हवा ओढतं, नायट्रोजन आत अडवतं आणि 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतं. सिलिंडरसारखं भरून आणायची कटकट नाही. पण मिनिटाला किती लिटर सोडायचं त्या काट्याला हात लावू नका. आत्याबाईंनी मायेनं दोनचा काटा चारवर नेला आणि दुपारपर्यंत बाबा गुंगीत. अशा रुग्णांत जास्त ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून डॉक्टरांनी रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्के एवढाच ठेवायला सांगितलंय. "शंभर का नाही?" हे प्रत्येक पाहुणा विचारतो.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. यानं फुप्फुस दुरुस्त होत नाही. धुरानं हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटल्या, त्या परत जुळत नाहीत. बिडी सुटली की पुढची झीज मंदावते, तेवढंच हाती आहे. तरी आंघोळ करून आले की बाबा आता पलंगाची कड धरून धापा टाकत उभे राहत नाहीत. सरळ चहा मागतात.

आता तक्रारी. सोबतची नळी आखूड आहे, पलंगापासून न्हाणीपर्यंत पोचत नाही. लांब नळी आम्ही वेगळी घेतली. लाइट गेली तर काय, याचं दुकानाकडे उत्तर नव्हतं. छोटा सिलिंडर दुसरीकडून आणून ठेवलाय. मशीन साधारण 350 वॉटचं, म्हणजे 15 तासांत पाच युनिटच्या वर जातात. बिल बघून दचकू नका. शिवाय मागून गरम हवा फेकतं, आणि आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. भिंतीपासून हातभर दूर ठेवा. ऑक्सिजन ओलसर करायच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. धुळीची जाळी आम्ही आठवड्याला धुतो, ती वाळेपर्यंत दुसरी लागते. ती जास्तीची जाळी मशीन घेतानाच मागून घ्या, ते स्वतःहून देत नाहीत.