लाल एकशेदोन घेऊ का काळाच घेऊ?

भावाने दोन फोटो पाठवलेत, दोन्ही एचएमव्ही १०२, १९३१ पासून निघालेला चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन, एक लाल पण उन्हानं फिकटलेला आणि दुसरा काळा चकाचक, लालवाला जवळपास तिप्पट मागतोय, काय करू म्हणतोय.

आवाजाचं आधी सांगतो, फरक शून्य. आत तेच एका स्प्रिंगचं मशीन, वर तोच साउंडबॉक्स (सुई बसते तो आवाज काढणारा गोल डबा), रंग काय गात नाही.

दुरुस्ती पण सेमच, जुनं ग्रीस सुकलं की मधेच धक्का देत फिरतं आणि साउंडबॉक्सचं रबर दगडासारखं होतं, ते दोन्हीत बदलावं लागणारच. सुई तबकडीच्या दर बाजूला नवीन, नाहीतर तबकडी खरवडली.

खरी गोची कव्हरची. काळ्याला ओरखडा आला तर बुटाच्या पॉलिशनं झाकतो, लालला तसं काय करता येत नाय, आणि रंगवलेला गळ्यात मारायची भीती वेगळीच. मी स्वतः फसलोय राव, जुन्या बाजारातनं हिरवा म्हणून आणला, घरी हँडलचा स्क्रू काढला तर खाली काळं कापड! त्यामुळं स्क्रूखाली, बिजागरीजवळ बघ, रंग तोच पण जरा गडद दिसला तर माल ओरिजिनल.

रविवारी तबकड्या ऐकायच्या असतील तर काळा घे, उरलेल्या पैशात सुया आणि तबकड्या येतील. कपाटात रंगांची रांगच लावायची असेल तर फिकटलेला लालच घे, फक्त पुन्हा रंगवू नको.