आरएचसीएसए की एलपीआयसी-१, आधी कुठली द्यायची?

लिनक्स अ‍ॅडमिन व्हायचं डोक्यात असेल तर हा प्रश्न येतोच. दोन्ही सर्टिफिकेशनच्या परीक्षा, आरएचसीएसए रेड हॅट कंपनीची आणि एलपीआयसी-१ लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची. एलपीआयसी-१ ला दोन पेपर, १०१ आणि १०२, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं, पर्याय निवडायचे नाहीतर कमांड टाईप करायची, आणि डेबियन, रेड हॅट या दोन्ही प्रकारच्या लिनक्सचं विचारतात त्यामुळे पाया छान पक्का होतो. सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं.

आरएचसीएसएचं प्रकरण वेगळंय. ३ तास, समोर चालू सिस्टिम, इंटरनेट नाही, मदतीला मॅन पेजेस (सिस्टिममध्येच असलेली कमांडची माहिती), आणि पास व्हायला ३०० पैकी २१० लागतात. खरी गोम म्हणजे केलेलं सगळं रिबूटनंतरही टिकायला हवं, मी सरावात एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकवलं आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये, तेव्हापासून आधी माउंट -ए (त्या फाइलमधलं सगळं लगेच जोडून बघणारी कमांड) मारल्याशिवाय रिबूट करायला हातच धजत नाही. वैधता मात्र ३च वर्षं.

मला विचाराल तर आरएचसीएसएच द्या, हाताला वळण लागतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आपल्याच संगणकात वेगळं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्स टाका, ते रेड हॅटच्या लिनक्ससारखंच, फुकट आहे, आणि रूट पासवर्ड रीसेट, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटायची सोय) वाढवणं, एसईलिनक्स (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणारी सुरक्षा) हे रोज मशीन मोडून मोडून करा.