दिवाडी की चोडण? पणजीहून सपाट सायकल राईड

मांडवी नदीतल्या या दोन्ही बेटांवर जायची सुरुवात सेमच, पणजीतून रायबंदरचा जुना कॉजवे धरायचा, 1630 च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला, एकदम सपाट, मांडवी अगदी शेजारी, फक्त सकाळी लवकर निघा नाहीतर ऑफिसवाल्यांच्या गाड्या डोकं खातात.

चोडणला रायबंदरहून फेरीबोट. उतरलात की लगेच सलीम अली पक्षी अभयारण्य, रस्त्याला लागून खारफुटी, बगळे खंड्या असे बघत बघत स्पीड आपोआप कमी होतो. पण चोडण पुढे मये गावाच्या बाजूला रस्त्याने जोडलेलं आहे, त्यामुळे गाड्यांची ये-जा जास्त.

दिवाडीला पूल नाही, फेरीच, ओल्ड गोव्याहून गेलात तर सोपं. म्हणून रस्ते निवांत. दोन्ही बाजूंना खाजन शेती (नदीकाठची सखल शेती), खारं पाणी अडवायला बांध आणि मानशी (पाण्याची दारं), पावसाळ्यात सगळं हिरवंगार. चढ म्हणाल तर पिएदादच्या चर्चकडे जाणारा तेवढाच, तोही नको असेल तर खालूनच फिरा (पण वरून मांडवी भारी दिसते हां). जमलं तर पलीकडच्या टोकाहून नार्व्याची फेरी पकडून सप्तकोटेश्वराला जा, मूळ देऊळ दिवाडीवरचं, नार्व्याचं 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं.

नवशिके असाल, पोरं सोबत असतील तर दिवाडीच. कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांनी चोडण. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र दिवाडी टाळा, बोंदेराम या तिथल्या उत्सवाची तुफान गर्दी असते, सायकल हातात धरूनच चालावं लागेल.