डिअर व्हॅलीची महिला मोगल्स स्पर्धा: प्रेक्षकाच्या नजरेतून

अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळापासून मोटारीने साधारण पाऊण तासावर, डिअर व्हॅली हे स्की रिसॉर्ट आहे. फ्रीस्टाइल स्कीइंगच्या विश्वचषक मालिकेतील महिला मोगल्सची, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांमधून वळणे घेत आणि वाटेत दोन उड्या मारत खाली येण्याची स्पर्धा तेथील ‘चॅम्पियन’ नावाच्या उतारावर, रात्री प्रकाशझोतात भरते. २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेच्या कारी त्रो हिने सुवर्ण आणि यजमानांच्या शॅनन बार्की हिने रौप्यपदक मिळवले ते याच रिसॉर्टवर. आम्ही गेलो तेव्हा एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी सर्वसामान्य प्रेक्षकांना प्रवेश चक्क विनामूल्य होता.

या स्पर्धेचा आनंद आपण कोठे उभे राहतो यावर बराचसा अवलंबून असतो. बहुतेक मंडळी अंतिम रेषेपाशी, मोठ्या पडद्यासमोर दाटी करतात. तेथे जल्लोष भरपूर मिळतो, पण उतार खालून सपाट दिसतो आणि दूरचित्रवाणीवर पाहिल्यासारखेच वाटते. कुंपणालगत थोडे वर चढून गेल्यास सुमारे २८ अंशांचा तो उतार किती उभा आहे हे एकदम जाणवते. जेमतेम साडेतीन मीटर अंतराने रचलेले बर्फाचे उंचवटे, त्यांवरून जाताना छातीपर्यंत वर येणारे आणि क्षणात सरळ होणारे गुडघे, बर्फ खरवडणाऱ्या स्कीचा करकर आवाज हे सारे तेथूनच अनुभवता येते.

गुडघ्यांकडे लक्ष द्यावे असे मी आवर्जून सांगेन. प्रेक्षक ओरडतात ते दोन उड्यांच्या वेळी, मात्र एकूण शंभर गुणांपैकी साठ गुण वळणांना असतात आणि उड्या व वेग यांच्या वाट्याला प्रत्येकी वीसच येतात. म्हणूनच अनेक खेळाडू पँटवर गुडघ्यांपाशी वेगळ्या रंगाचे पट्टे लावतात, जेणेकरून दोन्ही पाय जुळलेले आहेत की फाकले आहेत हे परीक्षकांना लांबूनही दिसावे. बीजिंगमध्ये २०२२ साली सुवर्णपदक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जाकारा अँथनी हिच्या तिरक्या अक्षावरील दोन गिरक्यांच्या उडीची खूप वाखाणणी होते आणि ती रास्तही आहे, परंतु उडीवरून उतरताच पहिल्या उंचवट्यावर ती ज्या सहजतेने लय पकडते, ते मला अधिक थक्क करणारे वाटते. याउलट अमेरिकेची जेलिन कॉफ ही वेगासाठी ओळखली जाते. दोघींच्या शैलीतील हा फरक समजून घेतला की गुणफलक कोड्यासारखा वाटत नाही.

उणिवा आहेत, पण त्या बहुतांशी खेळाच्या आणि हवामानाच्या आहेत. एकेक धाव अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते आणि मग गुणांची वाट पाहत थंडीत उभे राहावे लागते. सूर्य मावळल्यावर पारा झपाट्याने उतरतो, त्यामुळे अंगालगत लोकरीचे कपडे हवेतच. सुती बनियन घामाने ओले झाले की हुडहुडी भरते. (असे लोकरीचे कपडे विकणारा एक नामांकित ब्रँड याच कारी त्रोच्या नावाचा आहे आणि तो तिनेच सुरू केला.) बसायला खुर्च्या मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये आणि बर्फाळ चढ चढावा लागत असल्याने गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना आग्रह करून नेऊ नये.

एकेरी आणि दुहेरी मोगल्स वेगवेगळ्या दिवशी होतात. दुहेरीत दोन खेळाडू शेजारशेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी सुटतात, हरणारी बाद होते आणि परीक्षक एकूण ३५ गुण दोघींमध्ये वाटतात. हा प्रकार २०२६ पासून ऑलिम्पिकमध्येही आला आहे. लहान मुले बरोबर असतील तर दुहेरीचाच दिवस निवडावा, कारण कोण पुढे आहे हे त्यांना विचारावे लागत नाही. खेळ बारकाईने समजून घ्यायचा असेल तर एकेरीच्या दिवशी, पात्रता फेरीपासूनच, जाऊन उभे राहावे.