टेस्टिंगचा कोर्स, 'लाइव्ह प्रोजेक्ट' आणि तो कुत्र्याचा फोटो

बरेच महिने हे लिहायचं टाळत होते कारण आपण फसलो हे कबूल करायलाच जड जातं, पण काल ओळखीतल्या एका मुलीने त्याच सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्लासची जाहिरात पाठवून 'ताई हे जॉईन करू का' विचारलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय.

मी कस्टमर सपोर्टमध्ये होते आणि टेस्टिंगमध्ये यायचं होतं. त्यांच्या डेमो सेशनला सर फार छान बोलले. इंटरनॅशनल सर्टिफिकेट, खऱ्या क्लायंटचं लाइव्ह प्रोजेक्ट आणि शंभर टक्के प्लेसमेंट, अशी तीन आश्वासनं, आणि वर 'दोनच सीट राहिल्यात, आज भरलं तर डिस्काउंट'. पहिला हप्ता त्याच रात्री भरला. घरच्यांनी 'जरा चौकशी कर' म्हटलं होतं, मी ऐकलं नाही.

नोट्स म्हणून एक पीडीएफ मिळाली, पहिलं पान नसलेली. तेव्हा काही वाटलं नाही. नंतर कळलं की तो आयएसटीक्यूबी या टेस्टर्सच्या परीक्षा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या फाउंडेशन लेव्हलचा जुना, २०१८ चा सिलॅबस होता, जो त्या संस्थेच्या साइटवरून कोणीही फुकट डाउनलोड करू शकतं. २०२३ मध्ये त्याचं ४.० व्हर्जन आलं, पण आम्हाला 'पेस्टिसाइड पॅराडॉक्स' (त्याच त्याच टेस्ट चालवत राहिलं की नवे बग सापडत नाहीत) वगैरे जुनंच पाठ करायला लावलं, नव्यात त्या तत्त्वाचं नावसुद्धा बदललंय. मॉक टेस्टच्या नावाखाली वेगळे पैसे घेतले ते प्रश्नसुद्धा आयएसटीक्यूबीचे फुकटचे सॅम्पल पेपर होते, उत्तरं का बरोबर का चूक या स्पष्टीकरणासकट मिळतात ते.

ऑटोमेशनचं, म्हणजे कोड लिहून टेस्ट आपोआप चालवण्याचं, तर विचारूच नका. सगळी लेक्चर्स रेकॉर्डेड, 'लाइव्ह' म्हणजे व्हिडिओ चालू असताना सर चॅटवर हजर. दोन अख्खी सेशन सेलेनियमला (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) लागणारा क्रोमड्रायव्हर डाउनलोड करून पाथ सेट करण्यात गेली, जे काम सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर आपोआप करतो. पायथनमध्ये 'फाइंड एलिमेंट बाय आयडी' असं लिहायचं शिकवलं, माझ्याकडे एरर. उत्तर आलं, 'तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट करून बघा.' मी खरंच फॉरमॅट केला, दोन दिवस त्यात गेले. ती पद्धत सेलेनियम ४.३ मध्ये काढूनच टाकलीय हे मला नंतर सेलेनियमची डॉक्युमेंटेशन स्वतः उघडली तेव्हा समजलं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते लाइव्ह प्रोजेक्ट. एका शॉपिंग साइटची लिंक दिली, म्हणाले क्लायंटचं स्टेजिंग आहे, म्हणजे लाँचआधी तपासायची साइट, बाहेर कुणाला दाखवायचं नाही. लॉगिन पेजवरच खाली सगळे युजरनेम आणि पासवर्ड छापलेले होते. मी विचारलंसुद्धा की असं कसं, तर म्हणाले स्टेजिंगला असंच असतं, टेस्टरची सोय म्हणून. मी प्रॉब्लेम युजर नावाच्या अकाउंटने आत गेले, बघते तर सगळ्या प्रॉडक्टना एकच फोटो, एका कुत्र्याचा! किती आनंद झाला होता मला. रात्री बसून स्टेप्स, एक्स्पेक्टेड, ॲक्च्युअल, स्क्रीनशॉट असा रिपोर्ट लिहिला, चेकआउटमध्ये आडनाव नीट टाइप होत नाही तो दुसरा बगही लिहिला. सरांचा मेसेज आला, 'एक्सलंट, क्लायंट खूश झाला.' तो मेसेज मी आईला दाखवला होता.

पहिल्याच इंटरव्ह्यूला अनुभव म्हणून तेच सांगितलं. समोरच्या मॅडमनी मला बोलू दिलं आणि मग शांतपणे विचारलं, 'लॉगिन प्रॉब्लेम युजरने केलं होतं का?' मी हो म्हटलं. मग त्यांनीच समजावलं की ही सॉस डेमो, सॉस लॅब्स या टेस्टिंग कंपनीची सरावासाठी सगळ्यांना खुली असलेली साइट, त्या अकाउंटमध्ये ते बग मुद्दाम ठेवलेत. म्हणजे क्लायंट वगैरे कुणी नव्हताच. पुढे त्यांनी साधा प्रश्न विचारला, वयाच्या फील्डला १८ ते ६० चालतं, काय काय टाकून बघाल? बाउंडरी व्हॅल्यू ॲनालिसिसची (मर्यादेच्या टोकांवरचे आकडे तपासणं) व्याख्या मला तोंडपाठ होती आणि १७, १८, ६०, ६१ हे चार आकडे सुचले नाहीत. घसा कोरडा पडला होता नुसता.

इंटरनॅशनल सर्टिफिकेट म्हणजे त्यांच्याच लोगोचा कागद निघाला, 'आयएसटीक्यूबी बेस्ड' असं बारीक अक्षरात. खरी फाउंडेशन परीक्षा ४० प्रश्नांची असते, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर लागतात, परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर १५ मिनिटं जास्त, आणि त्यासाठी कुठलाही क्लास लावायची सक्ती नाही, घरी अभ्यास करून थेट बसता येतं. हे एवढं जरी आधी वाचलं असतं तरी ते पैसे वाचले असते. प्लेसमेंटचं विचारलं तर म्हणे फॉर्मवर 'असिस्टन्स' लिहिलंय, गॅरंटी नाही. वर एक ऑफर, आणखी एक हप्ता भरा, दोन वर्षांच्या अनुभवाचं लेटर देतो. तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं, बॅकग्राउंड चेकमध्ये पकडलं गेलं तर नोकरी तर जातेच पण नाव कायमचं खराब होतं. आमच्या बॅचमधल्या काहींनी ते घेतलं, त्यांची मला आजही काळजी वाटते. रिफंड मागितला तर आधी 'पॉलिसीत बसत नाही', मग नंबर ब्लॉक.

त्यानंतर मी नवीन सिलॅबस उतरवून घेतला, रोज एक टेक्निक घेऊन कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर करून बघितली. प्लेराइट या दुसऱ्या ऑटोमेशन टूलची डॉक्युमेंटेशन वाचली, ॲप्लिटूल्स कंपनीच्या टेस्ट ऑटोमेशन युनिव्हर्सिटीचे फुकट कोर्स केले, आणि मोझिलाच्या बगझिला या बग नोंदवायच्या साइटवर लोकांनी लिहिलेले खरे बग रिपोर्ट तासन् तास वाचले. कशामुळे रिपोर्ट लगेच कळतो आणि कशामुळे 'रिप्रोड्यूस होत नाही' (बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही) म्हणून परत येतो, हे मला तिथे कळलं, क्लासमध्ये नाही.

त्या मुलीला मी एवढंच लिहिलं की पैसे भरायच्या आधी त्यांच्याकडून तीन गोष्टी मागून घे: सिलॅबसचं व्हर्जन, व्हिडिओत कुठलं सेलेनियम वापरलंय ते, आणि लाइव्ह प्रोजेक्टची लिंक. लिंक आली की आधी सर्च करून बघ. दुपारी तिचा रिप्लाय आला, लिंक तीच होती.