चिखलदरा की समुपदेशक?

नागपूरच्या धरमपेठेतला धाकटा मावसभाऊ विचारतो, "दादा, डोकं पार भणभणलंय. आठ दिवस चिखलदऱ्याला जाऊ की समुपदेशकाकडे?"

खर्चात चिखलदरा महाग: सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, मुक्काम, जेवण. इकडे सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, टेलिमानस, १४४१६. २०२२ पासून चोवीस तास, मोफत, मराठीतही. खासगी समुपदेशक मात्र दर बैठकीचे पैसे घेतो आणि एका बैठकीत भागत नाही.

खरा फरक टिकण्यात आहे. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापतं, तेव्हा हजार मीटरहून उंचावर झोप गाढ लागते, भूक परत येते. हे खोटं नाही. पण घरच्यांशी तुटलेलं बोलणं घाट चढल्याने जुळत नाही. उतरून परतवाडा आलं की तेच विचार सुरू. (वरच्या शांततेत तर ते जास्तच ऐकू येतात.) समुपदेशनाचा गुण हळू येतो, पण सोमवारी ऑफिसातही सोबत असतो.

कष्ट? बॅग भरणं सोपं, अनोळखी माणसापुढे तोंड उघडणं अवघड.

नुसता कामाचा शीण असेल तर बिनधास्त जा, कॉफी पी, झोप काढ. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर आधी समुपदेशक. जीवच नकोसा वाटत असेल तर १४४१६ ला फोन आजच कर; चिखलदरा तसाही पावसाळ्यात जास्त छान दिसतो.